न उघडता वाचलेली पत्रं

पुण्यात खराडीच्या ज्या कंपनीत मी नोकरीला होते, तिथे माझं काम लिहिण्याचंच होतं. पण ते लिहिणं कुणी आवडीनं वाचावं असं नव्हतं. सॉफ्टवेअर कसं वापरायचं, याच्या सूचना मी लिहायचे. हे बटण दाबा, मग अशी खिडकी उघडेल, तिच्यात तारीख भरा. ज्याचं काही अडलंय तोच ते वाचणार, तेही वैतागून. पन्नाशी ओलांडल्यावर एक दिवस आमचा अख्खा विभागच बंद झाला. केक आणला होता. साहेब म्हणाले, "आता स्वतःसाठी वेळ मिळेल तुम्हाला." मला स्वतःसाठी वेळ हवाय, असं मी त्यांना कधी सांगितलेलं नव्हतं.

आम्ही मांजरीत राहतो, नव्या सोसायटीत. नवरा कॉलेजात फिजिक्स शिकवतो. तो सकाळी गेला की घरात मी आणि फ्रिजचा आवाज. पहिले काही आठवडे मी कपाटं आवरली. मग आवरायची कपाटं संपली.

त्या सुमारास एकदा हडपसरला बँकेत गेले होते आणि परत येताना चुकीच्या बसमध्ये बसले. लक्षात आलं तेव्हा गाडी फुरसुंगीच्या पुढे गेली होती. उतरावंसं वाटेना. घरी कोण वाट बघत होतं? बसून राहिले. शेवटच्या स्टॉपवर रस्ता एकदम रुंद होऊन संपत होता, गाडी वळवायला जागा असावी म्हणून. एक कडुनिंब, त्याखाली पत्र्याची चहाची टपरी. ड्रायव्हर-कंडक्टर खाली उतरून एकाच डब्यातून जेवायला बसले. मी तिथेच उभी, म्हणून कंडक्टरनं विचारलं, "कुणाकडं जायचंय?"

"कुणाकडे नाही."

"मग?"

"चुकून आले."

तो जरा काळजीनं बघत राहिला. मग टपरीवाल्याला म्हणाला, "बाईंना चहा दे रे. हीच गाडी परत जाणारे, सोडतो त्यांना."

घरी आल्यावर मी हे सगळं एका ईमेलमध्ये लिहिलं आणि आमच्या बंद पडलेल्या विभागातल्या सगळ्यांना पाठवून दिलं. कुणी बंगळुरात होतं, कुणी नवी नोकरी शोधत होतं. विशेष काही लिहिलं नव्हतं. टपरी, डबा, त्या दोघांचं भेंडीच्या भाजीवरून चाललेलं भांडण, एवढंच. दुसऱ्या दिवशी एकीचं उत्तर आलं, "पुढच्या आठवड्यात कुठे?"

कुठेच जायचं नव्हतं. पण तिनं विचारलं म्हणून गेले.

अशी सुरुवात झाली. आठवड्यातून एकदा कुठलीतरी सिटी बस पकडायची, शेवटपर्यंत जायचं, उतरायचं, तासभर रेंगाळायचं आणि रविवारी सकाळी त्याबद्दल पत्र पाठवायचं. नवऱ्याला हे कळेना. "तिथे आहे काय?" त्यानं विचारलं. म्हटलं, "स्टॉप आहे." त्यानं वर्तमानपत्र पुन्हा तोंडासमोर धरलं.

पत्र फॉरवर्ड व्हायला लागलं आणि अनोळखी लोकांची उत्तरं यायला लागली. आम्हालाही पाठवा म्हणाले. मी प्रत्येकाचा पत्ता हातानं यादीत घालत होते. कंपनीत माझ्या हाताखाली असलेली एक मुलगी आता हिंजवडीत मार्केटिंग करत होती. तिनं हे पाहून कपाळावर हात मारून घेतला.

"मॅम, हे असं बीसीसीमध्ये नाही पाठवत कुणी. प्रॉपर न्यूजलेटर करू या. साइन-अप पेज, वेलकम मेल, डॅशबोर्ड, सगळं. मी सेट करून देते, सिरियसली."

एका शनिवारी तिनं घरी येऊन ते सगळं जमवून दिलं. डॅशबोर्ड म्हणजे एक पान. त्यावर किती जण आले, किती गेले, किती जणांनी पत्र उघडलं, हे सगळं दिसायचं. माझ्या उभ्या आयुष्यात मी लिहिलेलं कुणी वाचलं की नाही, हे मला कधी कळलं नव्हतं. आता कळायला लागलं आणि मी त्या पानाच्या नादी लागले. कुकर लावला की बघ, भाजी निवडताना बघ. आकडा वर गेला की मला उगाच बरं वाटायचं. खाली आला की कोण गेलं असेल, का गेलं असेल, यावर दिवस जायचा. एकदा कॉलेजातली माझी जुनी मैत्रीण यादीतून गेलेली दिसली. तिला फोन करून जाब विचारावा, इथपर्यंत माझी मजल गेली होती. नवऱ्यानं फोन काढून घेतला.

वाचक खऱ्या अर्थानं वाढले ते हिंजवडीच्या पत्रानंतर. तिथल्या शेवटच्या स्टॉपवर मी उतरले तेव्हा कंपन्यांच्या बस एकामागे एक अडकून उभ्या होत्या. त्यांच्या पलीकडे, काचेच्या दोन इमारतींच्या मधे, एका बैठ्या घराच्या ओट्यावर एक आजी शेंगा फोडत बसल्या होत्या. मी विचारलं, "आजी, जुनं गाव कुठे आहे हो इथलं?" त्या म्हणाल्या, "गाव हितंच हाय. गेलंय कुटं? तुमी आलाय." आणि मूठभर शेंगा माझ्या ओंजळीत टाकल्या. हे मी जसंच्या तसं लिहिलं. ते पत्र त्या अडकलेल्या बसमध्ये बसणाऱ्यांच्या ग्रुपवर फिरलं आणि आठवड्याभरात यादी अनेक पटींनी फुगली.

नव्या लोकांना आणखी काहीतरी हवं होतं. कुठे काय खायचं, कुठे फोटो चांगले येतात. माझी हिंजवडीची सल्लागार म्हणाली, "मॅम, मोमेंटम आहे तोपर्यंत वापरा. सब्जेक्ट लाइन कॅची पाहिजे." मग मी 'पुण्यातले पाच भन्नाट शेवटचे स्टॉप' असं एक पत्र लिहिलं. पुढच्या रविवारी 'बसनं जाऊन खाण्याच्या सात जागा'. दोन्ही घरात बसून, जुन्या पत्रांतलं उचलून. फोटो भरपूर घातले. दोन्ही पत्रं सगळ्यांत जास्त उघडली गेली. उत्तर एकही आलं नाही. आधी दर रविवारी दहाबारा तरी यायची. कुणाला मामाचं गाव आठवायचं, कुणी माझी चूक काढायचं.

नवऱ्यानं ते दुसरं पत्र माझ्यादेखत वाचलं आणि म्हणाला, "हे मी वाचलंय आधी."

"कुठे?"

"सगळीकडे."

मी दिवसभर त्याच्याशी बोलले नाही. तो बरोबर होता म्हणून जास्तच.

त्यानंतर साफसफाईचा विषय निघाला. सल्लागार म्हणाली, यादीतले पुष्कळ जण महिनोन्‌महिने पत्र उघडतच नाहीत. असे लोक ठेवले की मेल कंपन्यांना वाटतं पत्र भिकार आहे आणि मग ते सगळ्यांच्याच स्पॅममध्ये जाऊन पडतं. तेव्हा अशांना एक शेवटचं पत्र पाठवायचं. राहायचं असेल तर बटण दाबा, नाहीतर नमस्कार. मला ते पटलं. नोकरीतल्या सवयीनं मी अगदी नेटका मजकूर लिहिला, "गेल्या वर्षभरात आपण आमचे एकही पत्र उघडलेले नाही असे दिसते..."

बहुतेकांकडून काही आलं नाही. काहींनी बटण दाबलं. आणि एक उत्तर आलं, ते मला अजून पाठ आहे.

"आपले पत्र मिळाले. मी आपले एकही पत्र उघडले नाही असे आपण कळवता. तर मग गेले वर्षभर दर रविवारी सकाळी चहा घेताना मी जे ऐकत होतो ते काय होते, हे कृपया कळवावे."

खाली नाव आणि 'सेवानिवृत्त'. मी ते दोनदा वाचलं. 'ऐकत होतो' या शब्दाशी अडखळले. मग सल्लागार मुलीला फोन लावला.

"ओह," ती म्हणाली. "मॅम, ते स्क्रीन रीडर वापरत असतील, मेल मोठ्यानं वाचून दाखवतो तो. त्यांना दिसत नसेल."

तेव्हा कुठे मला कळलं की पत्र उघडलं की नाही हे मोजतात कसं. पत्राच्या तळाशी एक चित्र असतं, ठिपक्याएवढं, कुणाला न दिसणारं. वाचणाऱ्याकडे ते उमटलं की उघडल्याची नोंद होते. ज्याच्याकडे चित्रं बंद आहेत, फक्त अक्षरं येतात, तो माणूस पत्र पाठ करून बसला तरी डॅशबोर्डवर त्यानं ते उघडलेलंच नसतं. ज्या पानाकडे मी रोज इतक्या वेळा बघत होते, त्याला बिचाऱ्याला एवढंच कळत होतं.

मी माफीचं पत्र लिहिलं. त्यांचं उत्तर तासाभरात आलं. "माफी कशाला? हयातीचा दाखला दरवर्षी बँकेत देतोच. आपल्यालाही देत जाईन. एक विचारायचे होते. आपल्या पत्रात मधूनमधून माझे यंत्र 'इमेज' एवढेच म्हणते आणि पुढे जाते. तिथे नेमके काय असते? विशेषतः धायरीच्या पत्रात. तिथे आपण 'हे पाहा!' असे लिहून थांबला आहात. मी तेव्हापासून थांबलो आहे."

धायरीचं पत्र कित्येक महिन्यांपूर्वीचं. मी फोटो शोधला. बसच्या मागच्या काचेवर धूळ बसली होती आणि तिच्यावर कुणीतरी बोटानं मोठ्ठं मांजर काढलं होतं, मिशांसकट. हे मी त्यांना लिहिणार होते, पण लिहिता लिहिता फोनच केला. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बसलेलं की उभं?"

"कोण?"

"मांजर."

मला पुन्हा फोटो बघावा लागला.

ते विश्रांतवाडीला राहत होते. पंधरा-वीस दिवसांनी मी त्यांच्याकडे गेले. दार काकूंनी उघडलं. बाहेरच्या खोलीत पुस्तकांची दोन मोठी कपाटं, त्यांच्या मधे बुद्धाची लहानशी मूर्ती, आणि खिडकीपाशी कॉम्प्युटरसमोर काका. सरकारी खात्यात मोठ्या हुद्द्यावर होते. निवृत्तीनंतर वाचायचं म्हणून आयुष्यभर पुस्तकं जमवली आणि निवृत्तीनंतरच काचबिंदूनं डोळे नेले. हे त्यांनी मला स्वयंपाकघराची दिशा सांगावी तसं सांगितलं. मग कॉम्प्युटर शिकले, शिकवणारा त्यांच्या निम्म्या वयाचा होता. त्यांनी मला यंत्राचा आवाज ऐकवला. माझंच पत्र इतक्या वेगानं धावत होतं की मला माझा एक शब्द कळेना.

"एवढ्या वेगानं?"

"तुम्ही काय सावकाश वाचता? डोळे झरझर फिरवताच ना?" मग म्हणाले, "ते पाच स्टॉप आणि सात जागा, ती दोन पत्रं कुणी लिहिली हो?"

"मीच."

"बरं नव्हतं का त्या आठवड्यांत?"

काकू चहा घेऊन येत होत्या. त्या म्हणाल्या, "अहो, पहिल्यांदा आल्यात त्या घरी." काका म्हणाले, "म्हणूनच. दुसऱ्यांदा येतील न येतील."

मी हसले, पण ते मनाला लागलंही. परतीच्या वाटेवर आठवत होते, ती दोन पत्रं लिहिताना मला मजा आली होती का? नव्हती. मजा आली होती ती सोमवारी, आकडे बघताना.

दुसऱ्यांदा गेले तेव्हा मी त्यांना विचारलं, माझ्याबरोबर एखाद्या शेवटच्या स्टॉपला याल का? डोळे गेल्यापासून ते बसमध्ये चढलेच नव्हते. मुलगा गाडीनं दवाखान्यात न्यायचा आणि आणायचा, तेवढंच बाहेर.  काकूच म्हणाल्या, "घेऊन जा हो. घरात बसून माझ्या फोडणीच्या आवाजावर मतं देत असतात."

कुठे जायचं, हे त्यांनी ठरवलं. "मांजरी. तुम्ही गावभर हिंडलात, पण तुमच्या दाराशी बस येते त्याबद्दल एक अक्षर नाही."



हडपसरपर्यंत आम्ही रिक्षानं गेलो आणि तिथून बस घेतली. चढताना त्यांचा हात माझ्या कोपरावर होता.  बसायला जागा मिळाली. काही वेळानं मी, आपण फार समजूतदार आहोत अशा आवाजात विचारलं, "काका, तुम्हाला काय काय ऐकू येतंय?"

"आंधळ्यांचे कान फार तिखट असतात, असं कुठे वाचलंत? मला डाव्या कानानं कमीच येतं. तुम्ही सांगा, तुम्हाला दिसतंय."

मग मला सांगावं लागलं. रोजचा रस्ता, पण सांगायला लागले आणि पंचाईत झाली. इमारती म्हटलं, तर म्हणाले किती मजली, माणसं राहायला आलीत का? बाल्कनीत कपडे दिसले, म्हणजे आलीत. फलक म्हटलं, तर म्हणाले काय लिहिलंय? मी वाचून दाखवलं, 'निसर्गाच्या कुशीत'. "निसर्ग कुठल्या बाजूला आहे?" त्यांनी विचारलं. पुढच्या सीटवरचा माणूस वळून बघायला लागला आणि हसला. ऊस आला तेव्हा मी म्हटलं, आला ऊस. ते म्हणाले, "केवढा?" मला धड सांगता येईना. माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून तो ऊस मी रोज बघत होते.

स्टॉपवर उतरल्यावर आम्ही बांधाच्या कडेनं थोडं आत गेलो. त्यांना पान हातात घ्यायचं होतं. "जपून, कापतं," मी म्हटलं. "माहीत आहे," ते म्हणाले आणि कापून घेतलंच. तेवढ्यात शेताची मालकीण आली. डोक्यावर पदर, हातात मोबाईल.

"कोण पायजे?"

"कुणी नाही. ऊस बघायला आलोय," मी म्हटलं आणि जीभ चावली.

बाईंनी काकांच्या काठीकडे बघितलं, मग बोटाकडे. मग त्या आत गेल्या आणि हातभर लांब दोन कांड्या तोडून घेऊन आल्या. एक काकांच्या हातात नीट बसवून दिली. "घ्या. गोड हाय. औंदाचा हा शेवटचाच. बिल्डरला दिलं रान. आमाला वरती तीन फ्लॅट हायेत त्यातच."

"मग वाईट नाही वाटत?" मी विचारलं.

"वाईट कशाचं? चाळीस वर्सं पानी दिलंय ह्याला रातचं उठून. आता झोपणार हाय मी." आणि त्या मोठ्यानं हसल्या.

काकाही हसले. मी मात्र मनातल्या मनात हळहळीचा एक परिच्छेद तयार ठेवला होता. तो तिथेच टाकून द्यावा लागला.

त्या रविवारचं पत्र मी एकही फोटो न घालता लिहिलं. लिहायला तिप्पट वेळ लागला. फोटो हाताशी असला की मी 'हे पाहा' म्हणून मोकळी होत असे. आता बाई कशा उभ्या होत्या, कांडी हातात कशी बसवून दिली, सगळं शब्दांत आणायचं होतं. पुढच्याही पत्रांत मी फोटो घातले नाहीत. काही लोक रागावले, बरेच निघून गेले. खाण्याच्या जागांसाठी आलेले तर सगळेच गेले असावेत.

तळाचं ते न दिसणारं चित्रही मी काढून टाकायला सांगितलं. सल्लागार म्हणाली, "मॅम, मग कोण वाचतंय ते कळणारच नाही."

"आत्ता कुठे कळतंय?"

"तेही आहे," ती म्हणाली आणि तिनं ते काढलं.

ज्यांना यादीतून काढलं होतं त्यांचं काय करायचं, हे काकांनीच विचारलं होतं. "मी एकटाच असेन असं वाटतं का तुम्हाला?" मी त्या सगळ्यांना साधं पत्र लिहिलं. मोजण्यात चूक झाली, पुन्हा यायचं असेल तर नुसतं 'हो' कळवा. पुष्कळांनी काहीच कळवलं नाही. ते खरोखरच वाचत नव्हते. पण काही उत्तरं आली. एका बाईंची मुलगी शाई वाचावी म्हणून चित्रं बंद ठेवून दर रविवारी पत्र छापून त्यांना पाठवत होती, त्या ते कागद वहीत लावत होत्या. एका माणसानं लिहिलं की तो वाचत नाही हे खरं आहे, पण पत्र आलेलं दिसलं की आज रविवार आहे हे त्याला कळतं, तेव्हा राहू द्या. त्यालाही राहू दिलं.

काकांनी आपल्यासारख्याच दृष्टी गेलेल्या मित्रांना पत्र पाठवायला सुरुवात केली आणि त्या वाटेनं नवे वाचक आले. कोल्हापूर, लातूर, एक तर दुबईहून. त्यांचे प्रश्न अवघड असतात. स्टॉपला सावली कुठल्या बाजूला होती? उतरताना पायरी किती उंच? मी आता पायऱ्या बघते.

वाचक सावकाश वाढतात. जितके आले तितके आले. डॅशबोर्ड बघायची सवय पूर्ण सुटली आहे, असं म्हणणार नाही. पण आता तिथे बघण्यासारखं फारसं काही उरलेलं नाही.

परवा विश्रांतवाडीला गेले होते. काका झोपले होते. काकूंनी मला स्वयंपाकघरात बोलावलं आणि दार लोटून घेतलं.

"मलाही पाठवत जा तुमचं ते पत्र," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "मुलानं फोनवर ईमेल काढून दिलंय मला. अक्षर मोठं करता येतं म्हणे."

"पण काका तुम्हाला सांगतात ना दर रविवारी?"

"सांगतात. पण ते यंत्र काय बोलतं ते मला कळत नाही, आणि हे सांगतात त्यात मधेमधे स्वतःचं घालतात. परवा म्हणाले, मांजरीच्या त्या बाईंनी ह्यांना म्हटलं, 'साहेब, तुम्ही आलात, बरं वाटलं.' असं म्हणाली का ती?"

"नाही."

"वाटलंच मला," काकू म्हणाल्या आणि ईमेलचा पत्ता लिहून द्यायला चष्मा शोधू लागल्या.